जनावरांचे प्रथमोपचार शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य नाही. पशुवैद्यांच्या हाताखाली प्रथमोपचार शिकले आणि आता नवख्यांना शिकवते. शिकायला येणाऱ्यांत घरी एखादे मांजर पाळणारे असतात, तसे गोठा सांभाळणारेही असतात. दोघांचे प्रश्न मात्र बरेचसे सारखे. तेच इथे उत्तरांसह दिले आहेत.

प्रथमोपचार शिकल्यावर मला नेमके काय करता येईल?

तीन गोष्टी. जीव धरून ठेवणे, दुखापत वाढू न देणे आणि जनावर सुखरूप डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे. औषध ठरवणे, टाके घालणे, इंजेक्शन देणे, हाड बसवणे ही कामे डॉक्टरांची. बऱ्याच जणांना हे ऐकून थोडे निराश व्हायला होते. पण आजवर मी पाहिलेले मोठे नुकसान उपचार न मिळाल्यामुळे जितके झाले, जवळजवळ तितकेच घाईने केलेल्या चुकीच्या उपचारामुळे झाले आहे. म्हणून माझ्या शिकवण्यात निम्मा वेळ ‘काय करायचे नाही’ यालाच जातो.

सुरुवात कशापासून करू?

निरोगी जनावरापासून. पट्टी बांधणे, छाती दाबणे हे सगळे नंतर. आधी आपल्या जनावराचे एरवीचे शरीर हातांना ओळखीचे व्हायला हवे. नाहीतर बिघाड झालाय हे कळणारच नाही.

ताप पाहायला शिका. साधा डिजिटल थर्मामीटर टोकाला थोडी पेट्रोलियम जेली लावून गुदद्वारात हलकेच सरकवायचा. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, मांजराचे १००.५ ते १०२.५, गायीचे १०१.५ च्या आसपास, शेळीचे १०२ ते १०३.५. म्हणजे माणसाला जो ताप वाटेल तो यांचा नेहमीचा आकडा. ‘अंग गरम लागतंय’ म्हणून गोळी देणारे इथेच फसतात. नाक ओले की कोरडे यावरूनही ताप कळत नाही.

नाडी कुत्र्या-मांजराच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला सापडते, गायीची शेपटीच्या मुळाशी खालच्या अंगाला. मोठ्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला ६० ते १००, लहान जातीचे १०० ते १४०, मांजराचे १४० ते २२०. गाढ झोपेतल्या निरोगी कुत्र्या-मांजराचा श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो. रोज झोपेत मोजलात तर आठवड्याभरात आपल्या जनावराचा आकडा पाठ होतो.

आणि हिरड्या. माझ्या मते सगळ्यात जास्त सांगणारी जागा हीच. ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडेल आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होईल. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण ढासळते आहे. पांढुरक्या हिरड्या म्हणजे रक्तस्राव किंवा शॉक (अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणे), निळसर म्हणजे प्राणवायू कमी, पिवळ्या म्हणजे यकृताचा किंवा रक्तपेशींचा बिघाड, विटेसारख्या लाल असतील तर उष्माघाताची शंका घ्यायची. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा.

हे सगळे एका वहीत लिहून ठेवा, वजनासकट. पुढे या वहीचा संदर्भ पुन्हा येईल.

जखमी जनावर जवळ येऊ देत नाही, चावायला धावते. मग?

वेदनेत असलेले सगळ्यात प्रेमळ कुत्रेसुद्धा चावते. यात त्याचा दोष नाही, आपण मनाला लावून घ्यायचे नाही. समोरून अंगावर जाऊ नका, वाकून उभे राहू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. बाजूने, बुटके होऊन, हळू आवाजात बोलत जा.

मुसके नसेल तर रुंद पट्टीचा सैल फास करून नाकाडावर घाला, आवळा, टोके खाली हनुवटीशी ओलांडा आणि कानांमागे बांधा. गाठ सुटती असावी. मात्र कुत्र्याला उलटी होत असेल, धाप लागली असेल, ते बेशुद्ध असेल किंवा पगसारखे चपट्या तोंडाचे असेल तर तोंड अजिबात बांधू नका. ते तोंडानेच श्वास घेत असते आणि उलटी आतच अडकली तर गुदमरते.

मांजराला जाड टॉवेलात मानेपर्यंत गुंडाळा, चारही पाय आत. जी जखम पाहायची तेवढाच भाग उघडा करा. गाय-म्हशीच्या थेट मागे उभे राहू नका. गायीची लाथ पुढून बाजूला गोल फिरते, त्यामुळे खांद्याजवळ उभे राहणे बरे. तिला ओळखीच्या माणसाने धरावे आणि सोबतीला दुसरे एखादे शांत जनावर जवळ ठेवावे. एकट्या पडलेल्या गाईची घाबरगुंडी हीच अर्धी अडचण असते.

रक्त थांबत नाहीये. काय करू?

स्वच्छ कापड ठेवा आणि दाबा. पाच मिनिटे पूर्ण, घड्याळ लावून. मध्येच उचलून पाहायचा मोह होतो, तो आवरा, कारण उचललेत की धरू लागलेली गुठळी निघून येते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. मग पट्टी गुंडाळा. पायाला पट्टी बांधताना नखांची टोके उघडी ठेवा. ती गार पडली किंवा बोटे सुजली तर पट्टी घट्ट आहे.

दोरीने करकचून आवळणे हा शेवटचा उपाय, दाबूनही रक्त उसळतच असेल आणि जीव जाण्याची वेळ असेल तरच. शरीरात काठी, काच, तार घुसलेली असेल तर ती ओढून काढू नका. तीच तिथले रक्त अडवून धरत असते. भोवती कापडाच्या घड्या लावून हलू न देता तसेच न्या.

तुटलेल्या नखातून भळाभळा रक्त येते आणि घरभर ठिपके पडतात. माझ्या कुत्रीचे नख पहिल्यांदा तुटले तेव्हा मी रडायचीच बाकी होते. त्यात घाबरण्यासारखे फारसे नसते: मक्याच्या पिठाच्या चिमटीत नख दाबून धरले की बहुधा थांबते.

जखम कशाने धुवायची?

उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. सुईशिवायच्या सिरिंजने धार मारून धुवा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचे तर पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाइतके पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत घालू नका, जंतूंबरोबर भरून येणाऱ्या कोवळ्या पेशीही त्याने मरतात. राख, माती, यंत्राचे तेल यांचे तर नावच नको.

जखमेत अळ्या दिसल्या तर ते काम डॉक्टरांचे समजा. वरून दहा दिसतात तेव्हा आत पोकळी करून शेकडो असू शकतात. जखमेत टर्पेंटाइन ओतण्याची सवय अनेकांना आहे. अळ्या बाहेर येतात हे खरे, पण मांस भाजते आणि जनावर ते चाटते. मांजराच्या बाबतीत तर ते सरळ विष. जाळीदार कापडाने जखम झाका, माश्या बसू देऊ नका आणि त्याच दिवशी न्या.

दुखत असेल तर आपल्या घरातली वेदनाशामक गोळी चालेल का?

नाही. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मारू शकते. हे औषध निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरांत फार दुबळी असते. रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक बिघडतो, हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बंद पडतात.

जनावरांची औषधेही एकाची दुसऱ्याला चालत नाहीत. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराला लावले तर त्याला झटके येतात. गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना जनुकातल्या एका बदलामुळे थेट मेंदूत भिनते. म्हणून ‘शेजारच्या कुत्र्याला लागू पडले होते’ हा आधार धरू नये.

विषारी काही खाल्ले तर लगेच उलटी करवायची ना?

हा गैरसमज फार खोल रुतलेला आहे, म्हणून सविस्तर सांगते. मीठ पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नका. मिठाच्या मोठ्या मात्रेने रक्तातले सोडियम वाढून त्यानेच मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. आम्ल, स्वच्छतागृहाचे क्लीनर, रॉकेल, पेट्रोल पोटात गेले असेल तर उलटीने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते किंवा ते फुफ्फुसात जाते. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या जनावरालाही उलटी करवायची नसते. आणि गाय, घोडा, ससा यांच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि त्याला वेळेची मर्यादा असते, म्हणून आधी फोन.

आपले काम: उरलेले विष तोंडातून व अंगावरून काढणे, वेष्टन किंवा उलटीचा नमुना सोबत घेणे, किती आणि कधी खाल्ले ते लिहिणे. अंगावर रसायन सांडले असेल तर साबणपाण्याने धुवा, नाहीतर मांजर अंग चाटूनच ते पोटात घेईल.

कुत्र्यांसाठी धोक्याच्या काही गोष्टी: चॉकलेट, द्राक्षे व बेदाणे, कांदा-लसूण आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल. मांजरांसाठी लिलीचे फूल, पाने, फुलदाणीतले पाणीसुद्धा, त्याने मूत्रपिंडे निकामी होतात.

उंदराच्या विषाबद्दल एक वेगळी सूचना. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारचे विष असेल तर लक्षणे बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसतात. ‘काल खाल्लं, आज तर छान खेळतंय’ म्हणून थांबू नका. वेळेत गेलात तर के-१ जीवनसत्त्वाचा हमखास उतारा मिळतो, नाक-हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यावर काम फार कठीण होते.

उष्माघातात बर्फ लावावा का?

बर्फ नको, साधे गार पाणी भरपूर ओता आणि वारा घाला. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळव्यांत असतात, बाकी सगळी भिस्त धापण्यावर. त्यामुळे बंद गाडीत किंवा उन्हात बांधलेल्या कुत्र्याचे तापमान बघता बघता १०५ च्या पुढे जाते. चपट्या तोंडाच्या, लठ्ठ आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत आणखी लवकर. ओला टॉवेल अंगावर टाकून तसाच ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होऊन उष्णता कोंडतो.

आधी गार करा, मग गाडीत घाला. दर काही मिनिटांनी ताप पाहा आणि १०३ वर आला की पाणी ओतणे थांबवा, नाहीतर तो नको इतका खाली घसरतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, घशात ओतू नका. सावरल्यासारखे वाटले तरी डॉक्टरांना दाखवाच, आतल्या अवयवांची इजा दुसऱ्या दिवशी वर येते.

फेफरे आले तर?

जीभ गिळली जात नाही, तोंडात हात घालू नका. घड्याळ पाहा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, दिवे आणि आवाज कमी करा, जमल्यास व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. पाच मिनिटांहून जास्त चालले किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरे आले तर ताबडतोब निघा. झटका ओसरल्यावर जनावर काही वेळ आंधळ्यासारखे भेलकांडते, मालकालाही ओळखत नाही. तेव्हा मिठी मारायला जाऊ नका.

गाडीची धडक बसली आहे, पाय लोंबतोय. पट्ट्या लावून बांधू का?

पायाचे नंतर पाहू, आधी श्वास आणि हिरड्या पाहा. मोडलेल्या पायाने जनावर सहसा मरत नाही, छातीतल्या किंवा पोटातल्या रक्तस्रावाने मरते. फळकूट बांधण्याच्या झटापटीत हाडाचे टोक बाहेर येते, म्हणून घरी बांधू नये असेच मी सांगते. हाड उघडे पडले असेल तर ओले स्वच्छ कापड ठेवा. पाठीला मार असू शकतो हे धरून चालायचे आणि फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सरकवत उचलायचे. पांघरूण घाला. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

भाजले किंवा विजेचा धक्का बसला तर?

भाजल्यावर दहा ते वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार, वर काहीही लेप नाही. विजेच्या बाबतीत आधी मुख्य बटण बंद, तोवर जनावराला हात लावू नका. वायर चावलेले पिल्लू हिंडू लागले तरी काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू शकते, दाखवाच.

गाईचे पोट अचानक फुगले. डॉक्टर यायला तास लागेल, तोवर?

डावी भकाळी (बरगड्या आणि कमरेच्या हाडामधली खोलगट कूस) वर आली असेल आणि टिचकी मारल्यावर ढोलासारखी वाजत असेल तर कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या सर्वात मोठ्या कप्प्यात, वायू कोंडला आहे. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. ते फुगले की फुफ्फुसांना जागाच उरत नाही. म्हणजे पोटफुगीत जनावर गुदमरून मरते.

तिला उभी ठेवा, पुढचे पाय चढावर येतील अशी. हळूहळू चालवा. तोंडात आडवी गुळगुळीत काठी धरली की ती चघळते, लाळ सुटते आणि ढेकर यायला मदत होते. चारा बंद. आडवी पडली असेल तर एका कुशीवर राहू देऊ नका, छातीवर बसती करून दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्यांचा किंवा पोत्यांचा टेकू द्या, कारण कुशीवर पडल्यावर ढेकर बाहेर पडण्याची वाटच द्रवाखाली बुडते.

तेल किंवा औषध जबरदस्तीने पाजू नका. मान वर ओढून, जीभ धरून ओतले की ठसका लागतो आणि ते फुफ्फुसात जाते. पोटफुगीतून वाचलेली गाय आठवड्याने न्युमोनियाने गेल्याचे मी पाहिले आहे. भकाळीत चाकू खुपसण्याचेही ऐकीव सल्ले मिळतात. ती जागा आणि त्यासाठीची नळी डॉक्टरांच्याच हातात शोभते.

गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही. घशात काही अडकले का, हात घालून पाहू?

थांबा. हात घालू नका. रेबीज फक्त कुत्र्यांचा आजार नाही. पिसाळलेल्या गाई-म्हशीला घशाच्या लकव्यामुळे गिळता येत नाही आणि ते अगदी काहीतरी अडकल्यासारखेच दिसते. आवाज घोगरा होणे, सारखे हंबरणे, मागचे पाय लुळे पडणे ही सोबतची लक्षणे. लाळेत विषाणू असतात आणि हातावरच्या बारीकशा चिरेतूनही ते शिरतात. खरोखर काही अडकलेले असले तरी ते हातमोजे घालून डॉक्टरांनी पाहावे. ही एक गोष्ट मी प्रत्येक गटाला दोनदा सांगते.

मदत करताना मलाच चावले किंवा ओरखडले तर?

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवा, मग त्याच दिवशी दवाखाना. चावा ‘लहानसा’ आहे, कुत्रे ‘चांगले दिसत होते’ या कारणांनी लस टाळू नका. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्याआधी लस वेळेवर घेतली तर तो टाळता येतो. मांजराचा चावा बाहेरून टाचणीएवढा दिसतो, पण खोल जातो आणि बऱ्याचदा पिकतो. नियमितपणे जखमी प्राणी हाताळणार असाल तर आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवा.

साप चावला तर?

चिरू नका, चोखू नका, आवळू नका. जनावर चालू देऊ नका, उचलून न्या. उतारा फक्त प्रतिसर्पविष, आणि तेही डॉक्टरांकडेच.

हृदय बंद पडल्यावर छाती दाबणे खरेच उपयोगी पडते का?

कधी कधी. कुत्र्या-मांजरांसाठी रिकव्हर या उपक्रमाची पहिली शास्त्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. पद्धत अशी: जनावर कुशीवर, हात छातीच्या सर्वात रुंद भागावर, मिनिटाला १०० ते १२० दाब, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते अर्धी खोली, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ग्रेहाउंडसारखी उभट छाती असेल तर हात कोपरामागे, थेट हृदयावर. मांजराची छाती एका हाताच्या पकडीत दाबता येते. ३० दाबांनंतर तोंड मिटून नाकपुड्यांतून दोन फुंका. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, थकलेल्या हाताचे दाब उथळ पडतात.

सुसज्ज रुग्णालयातही यातून घरी परतणारी जनावरे शंभरात दहांपेक्षा कमी असतात. हे मी लपवत नाही, कारण प्रयत्न करूनही जनावर गेले की लोक वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात. सराव मात्र बाहुलीवर किंवा उशीवर करा, जिवंत जनावरावर कधीही नाही.

पक्ष्याचे पिल्लू खाली पडलेले सापडले, घरी आणू का?

पिसे फुटलेले, उड्या मारणारे असेल तर ते उडायला शिकते आहे, आईबाप जवळच असतात. फार तर मांजरापासून दूर एखाद्या फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत खोटी आहे. जखमी पक्षी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. मांजराने तोंडात धरलेल्या पक्ष्याला जखम दिसत नसली तरी प्रतिजैविक लागते.

कोणत्या वेळी अजिबात वाट पाहायची नाही?

वरच्या प्रसंगांखेरीज तीन सांगते, कारण ती साधी वाटतात. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला ओकारीचे उमाळे येताहेत पण काहीच बाहेर पडत नाही आणि पोट ताणले आहे: जठराला पीळ पडला आहे, तासांचा खेळ. बोका पुनःपुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही: लोकांना बद्धकोष्ठ वाटते, पण मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि बाळंतपण: कुत्री जोराच्या कळा देत असून अर्ध्या तासात पिल्लू नाही, किंवा गाईची पाण्याची पिशवी फुटून तासाभरात पुढे काही सरकत नाही. वासराचे पाय दोराने ओढायच्या आधी फोन करा.

प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावे?

जाळीदार कापड, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, थर्मामीटर, पेट्रोलियम जेली, सलाईनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सुईशिवायच्या सिरिंजा, हातमोजे, विजेरी, जाड टॉवेल, मुसके. आणि ती वही. पेटी कुलुपात ठेवू नका.

डॉक्टरांना फोनवर काय सांगायचे? त्या वेळी काहीच सुचत नाही.

सुचत नाहीच, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन डॉक्टरांचे नंबर आणि रिकाम्या जागा सोडलेला एक मजकूर लिहून ठेवा. भरल्यावर तो असा वाचता येतो: ‘कुत्री, सहा वर्षांची, वजन १८ किलो. वीस मिनिटांपूर्वी उंदराचे विष खाल्ले, पाकीट हातात आहे, साधारण अर्धे रिकामे. उलटी नाही. शुद्धीत आहे, हिरड्या गुलाबी, ठोके १३०, एरवी ९० असतात. ताप १०२. दुसरे कुठलेही औषध चालू नाही. आम्ही निघालोय, पंधरा मिनिटांत पोहोचतो. वाटेत काय करू?’